दोन्ही काठांची फळी

पलीकडच्या काठाला नाव टेकली की सून सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायची. गुडघाभर पाणी, त्याखाली पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि चिखल असा चिवट की एक पाय सोडवावा तर तो दुसरा धरून ठेवायचा. एका हातानं दोर खांबाला वेढायचा आणि दुसरा हात उतारूंपुढं करायचा. धडधाकट माणसं तो हात धरून उतरायची, म्हातारी सरळ तिच्या पाठीवर बसायची. त्या दिवशी पाठीवर शिंपी होता. माणूस वाळकुडा, पण त्यानं शिलाई मशीनचं मुंडकं छातीशी धरलेलं.

"ते मशीन तात्यांकडं तरी द्या," सून म्हणाली.

"नको गं बाई. कोणाचा हात लागला की सुई वाकते."

"आणि माझा कणा वाकला म्हणजे?"

"तू तरुण आहेस. सुई जुनी आहे," शिंपी म्हणाला आणि आणखी घट्ट बसला.

सून हसली आणि चालू लागली. नावेत वल्हं धरून बसलेले तात्या, म्हणजे तिचे सासरे, तेवढ्यापुरते पाण्याकडं बघत राहिले. सून माणसं पाठीवर घेऊन चिखल तुडवते हे त्यांना बघवत नव्हतं. बापाच्या हातातून वल्हं त्यांच्या हातात आलं तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हापासून नाव त्यांची. आता गुडघे कामातून गेले होते. बसून वल्हवायला सांगा, दिवसभर वल्हवतील. पाण्यात उतरायचं म्हटलं की गुडघे ऐकत नसत.

गेल्या पुरात पलीकडचा धक्का वाहून गेला होता. खांब तेवढे उभे, वरच्या फळ्या सगळ्या गेल्या. अलीकडचा धक्का शाबूत होता, पण अर्ध्या धक्क्यावर नाव कशी चालणार? नदीखात्याचा तपासनीस छत्री काखेत मारून आला, पलीकडं उतरताना त्याचा बूट चिखलात राहिला, आणि तो बूट सुनेनं कोपरापर्यंत हात घालून काढून दिला तेव्हाच त्याचं मत झालेलं होतं.

"पुढच्या फेरीला येईन तेव्हा इथं पाय ठेवायला कोरडी जागा पाहिजे," तो एका पायावर उभा राहून म्हणाला. "नसली तर नाव बंद. मी तरी काय करू, माणूस पडलं तर माझ्या गळ्याशी येईल."

माणूस वाईट नव्हता. पण नाव बंद म्हणजे घर बंद. तात्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि सुनेचं माहेर पलीकडं होतं. रस्त्यानं जायचं तर खालच्या पुलावरून वळसा, सकाळी निघालेलं माणूस दिवेलागणीला पोचायचं. आई एकटी होती तिची.

आता कोणीही म्हणेल, फळ्या गेल्या तर नव्या आणा आणि ठोका, त्यात काय एवढं. सूनही पहिल्याच आठवड्यात तेच म्हणाली होती. नवऱ्याच्या हातात सुतारकी होती, खिळे घरात होते. तात्यांनी मान हलवली.

"धक्क्याची फळी नावाड्यानं ठोकायची नसते."

"मग कोणी?"

"निवडून आलेल्यानं."

यात वेडेपणा काही नव्हता. निदान तोपर्यंत तरी नव्हता. त्यासाठी इथल्या जुन्या मतदारसंघाची गोष्ट माहीत पाहिजे.

एके काळी हे दोन्ही काठ दोन वेगळ्या मतदारसंघांची शेपटं होती. शेपटाकडं कोण बघतो? मतं मागायलासुद्धा कोणी येत नसे. काठांचं एकमेकांशीही पटत नव्हतं. यांची गुरं त्यांच्या कुरणात, त्यांची जाळी यांच्या डोहात, रोज शिव्यांची देवाणघेवाण नदीवरून व्हायची आणि ऐकायला मधे नावाडी. मग प्रांताच्या सभेत कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि दोन्ही शेपटं कापून त्यांचा एक मतदारसंघ झाला. प्रांतातला सगळ्यात लहान. मतदानाची जागा एकच, अलीकडची शाळा, म्हणून पलीकडची सगळी माणसं त्या दिवशी नावेतून यायची. त्या दिवशी उतारूंकडून काही घ्यायचं नाही हे तात्यांच्या वडिलांनी ठरवलं. सगळ्या मतदारसंघाची ती एकच नाव, म्हणून लोक त्याला नावेचा मतदारसंघच म्हणत.

पहिल्या निवडणुकीला शाळेचे मास्तर उभे राहिले. धक्का तेव्हा कुठंच नव्हता. मास्तर मतं मागायला पलीकडं गेले आणि नावेतून उतरताना सगळ्यांच्या देखत चिखलात बसले. बसले ते बसलेच. तिथूनच त्यांनी भाषण केलं, म्हणे मला निवडून दिलंत तर पहिलं काम इथं फळी टाकायची. निवडून आले. दोन्ही काठांना खांब रोवून घेतले आणि पहिली फळी स्वतःच्या खांद्यावरून आणून ठोकली. दुसऱ्याच घावाला अंगठा चेचला. पुढं आयुष्यभर त्यांच्या अंगठ्याचं नख काळं राहिलं, आणि पोरं गणित चुकली की मास्तर तो अंगठा दाखवायचे.

तिथून रीत पडली. निवडून आलेल्यानं दोन्ही काठांच्या धक्क्यांना एकेक फळी स्वतः वाहून आणायची आणि ठोकायची. मास्तरांनंतर गुरांचा व्यापारी आला. मिशीवाला, दांडगा. त्यानं दोन फळ्या एकदम खांद्यावर घेतल्या, पण लाकूड होतं हलकं. त्याची फळी पाय पडला की करकरायची आणि लोक म्हणायचे, व्यापारी अजून भाषण करतोय. मग सुईणबाई. अर्धा मतदारसंघ त्यांच्याच हातावर जन्मलेला. "मत दिलं नाहीत तर आलात तिथं परत पाठवीन," एवढाच त्यांचा प्रचार. त्यांनी फळीबरोबर हाताशी धरायला एक दांडीही बसवली, पोटुशा बायकांसाठी. मग वकील. त्यानं फळी गड्यांच्या खांद्यावर पाठवली. तात्यांनी नाव मधेच थांबवली आणि वकील स्वतः येईपर्यंत ती तिथंच गोल फिरत राहिली. वकील चमकत्या बुटांत आला, फळी घेतली, घामाघूम झाला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासूनच तो लोकांना जरा आवडू लागला. शेवटचा गिरणीवाला. पिठानं पांढऱ्या भुवया, बोलणं कमी. त्याची फळी सगळ्यात सरळ.

नावाड्यानं मात्र फळीला हात लावायचा नाही. नाव सगळ्यांची, नावाडी कोणाचाच नाही. तात्या मतही सगळ्यात शेवटी द्यायचे. शेवटची खेप आणून झाली की शाळेच्या दारात उभा असलेला अधिकारी विचारायचा, "तात्या, पलीकडं कोणी राहिलं का?" तात्या म्हणायचे, "कोणी नाही." मग ते आत जायचे, आणि त्यांच्यामागं दार बंद व्हायचं. अधिकारी बदलले, पण प्रश्न बदलला नाही. या एका गोष्टीचा तात्यांना इतका अभिमान होता की स्वतःचं लग्न ते विसरले असते, पण हे नाही.

आणि मग मतदारसंघच बरखास्त झाला. प्रांतातली माणसं वाढली, नकाशा नव्यानं आखला, नदीच्या मधोमध रेघ आली. अलीकडचा काठ शहराकडच्या मतदारसंघात गेला आणि पलीकडचा डोंगराकडच्या. गिरणीवाला सभेत उभा राहून म्हणाला होता, "आमच्याकडं एक नाव आहे, तिचं काय करायचं तेवढं सांगा." कोणी सांगितलं नाही. तो परत आला, अलीकडच्या धक्क्यावर आपल्या फळीवर बसला आणि सगळ्यांसमोर रडला. त्यानंतर गिरणी विकून लेकीकडं राहायला गेला.

म्हणजे आता फळी ठोकायला निवडून आलेला माणूसच उरला नव्हता, आणि तात्या त्याची वाट बघत होते.

"तात्या, नाव बंद पडेल हो," सून म्हणायची.

"बघू."

"काय बघू? तपासनीस बघणारे ते."

तात्या वल्ह्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत बसायचे, आधीच गुंडाळलेली असली तरी.

निवडणूक जवळ आली तशी सुनेनं स्वतःच खटपट करायचं ठरवलं. आधी अलीकडच्या उमेदवाराच्या कचेरीत गेली. त्यानं अलीकडच्या धक्क्याला सिमेंट करायचं कबूल केलं होतं, कामही सुरू झालं होतं, आणि तिचा नवरा त्याच कामावर घमेली उचलत होता. कचेरीत गुळगुळीत फरशी होती. तिच्या पायांचे चिखलाचे ठसे दारापासून टेबलापर्यंत उमटले आणि सगळे आधी ठशांकडंच बघत राहिले.

"पलीकडचा धक्का आमच्या हद्दीत येत नाही हो ताई," टेबलामागचा म्हणाला. "तिकडं विचारा."

तिकडं विचारलं. तिकडचा उमेदवार डोंगरावर राहायचा. चढून जाईपर्यंत दुपार झाली. पायरीवर बसवून ठेवलं, पाणीही विचारलं नाही. शेवटी एकजण बाहेर आला.

"धक्का नदीत आहे ना? मग नदीवाल्यांना विचारा."

"नदीवाल्यांनीच सांगितलंय धक्का करा म्हणून."

"मग करा की," तो म्हणाला आणि तिच्या हातात एक पुठ्ठ्याचा पंखा दिला. त्यावर उमेदवाराचा हसरा चेहरा होता.

घरी येऊन तिनं तो पंखा चुलीपाशी टाकला आणि पाय गरम पाण्यात सोडून बसली. बोटांच्या बेचक्यांत चिखलानं चिरा पडल्या होत्या. नवरा समोर बसून त्यात तेल भरत होता. तो बोलायला कमीच. आईच्या पोटातून बाहेर आला तेव्हासुद्धा रडला नव्हता, सुईणबाईंनी दोनदा थोपटलं तेव्हा कुठं एकदा हुंकारला, असं तात्या सांगायचे.

"उद्या जुन्या फळ्या उपटणार आहेत," तो म्हणाला. "मुकादम म्हणतो, डांबराच्या पिंपाखाली जाळायला बऱ्या."

तात्यांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"सगळ्या?"

"सगळ्या. मास्तरांचीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी तात्या नावेतून बघत होते. पहारीनं फळ्या उचकटताना खिळे किंचाळत होते. व्यापाऱ्याची फळी निघताना दोन तुकडे झाली, ती तशीच होणार होती. मास्तरांची काही केल्या निघेना, तिला तिघं लागले. सुनेला वाटलं तात्या आता उठतील, काहीतरी बोलतील. ते उठले नाहीत. डोळे पुसले मात्र, आणि वाऱ्यानं काहीतरी गेलं म्हणाले. वारा पडलेला होता. नवऱ्यानं मुकादमाच्या नकळत एकेक फळी, सुईणबाईंच्या दांडीसकट, ओढत नेली आणि आपल्या घराच्या भिंतीला लावून ठेवली. मुकादमाला कळलं तेव्हा तो म्हणाला, ने बाबा, तुझी मजुरी समज.

मतदानाचा दिवस उजाडला. सुनेनं सकाळीच, रांग लागायच्या आत, मत देऊन घेतलं आणि नावेवर आली. तात्यांनी धुतलेला सदरा घातला होता. पहिल्याच खेपेला पलीकडं ही गर्दी! काठावर सगळी माणसं उभी, ठेवणीतले कपडे, विंचरलेली डोकी. पुढं सुनेची आई, काठी टेकत.

"विहीणबाई, आज लवकर?" तात्या म्हणाले.

"तुमच्या नावेचा काय भरवसा. बुडायचंच तर सकाळी बुडावं, दिवस वाया जात नाही."

सून पाण्यात उतरली. एकेकाला आणलं, आईला पाठीवर घेतलं. तात्या वल्हवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता. एक खेप झाली, दुसरी झाली, पलीकडचा काठ रिकामा होत आला. शिंपी आला, गुराखी आला, लेकुरवाळ्या आल्या. सगळे शाळेच्या दारात रांगेत उभे राहिले, नेहमीच्या जागी, नेहमीच्या गप्पा मारत. आणि मग आतून एक तरुण अधिकारी बाहेर आला, घाबराघुबरा.

"तुम्ही सगळे कुठले?"

"पलीकडचे."

"अहो, मग तुमची नावं इथं नाहीत. तुमचं केंद्र डोंगरावरच्या शाळेत आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. भोंग्याची गाडी दोनदा येऊन गेली होती, सगळ्यांनी कान देऊन ऐकलंही होतं. पण सकाळी उठून पहिला माणूस नदीकडं निघाला, त्याला बघून दुसरा, आणि पायांना कोणी सांगितलंच नव्हतं. इतकंच काय, त्यांना आणणाऱ्या तात्यांना आठवलं नाही, आणि डोंगर चढून आलेल्या सुनेलासुद्धा नाही. मग आई हसायला लागली. ती हसता हसता शिंप्याच्या खांद्याला धरून वाकली आणि अख्खी रांग हसत सुटली. तो अधिकारीही हसला, जरा उशिरा.

तात्या तेवढे हसले नाहीत. ते धक्क्याकडं गेले. नव्या सिमेंटवर ओली पोती टाकलेली, त्यावर पाय ठेवायची बंदी. त्यांचं घर तिथंच होतं. ते भिंतीशी लावलेल्या फळ्यांपाशी जाऊन उभे राहिले.

परत जायला नावेची वाट बघत पलीकडची माणसं तिथं जमली, मत देऊन निघालेली अलीकडचीही थांबली. कोणी फळ्यांना टेकलं, कोणी हात फिरवून ओळखू लागलं. ही सुईणबाईंची. ही वकिलाची, बघ खिळे किती वाकडे. सून ओल्या बाह्या पिळत उभी होती. खांब पलीकडं, फळ्या अलीकडं आणि माणसं पलीकडं जायला निघालेली. तिच्या तोंडून निघून गेलं.

"जाताना एकेक घेऊन का नाही जात?"

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"खांब उभे आहेत. हात आहेत. एकेक फळी घ्या आणि चला."

"निवडून आलेल्यानं ठोकायची असते," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

सुनेला राग आला. इतक्या महिन्यांचा चिखल होता तो.

"कोण निवडून येणारे, तात्या? तो मतदारसंघच नाही. तुम्ही कोणाची वाट बघताय? मी माणसं पाठीवर घेऊन थकले. नाव बंद झाली तर मला आईचं तोंड बघायला पूल फिरून जायला लागेल आणि तुम्ही नुसतं वल्हं पुसत बसाल. ठोकायला निवडून आलेलाच पाहिजे ना? मग द्या कोणालातरी निवडून. इथंच द्या. दोन्ही काठांची माणसं आहेत समोर."

बोलून झाल्यावर ती घाबरली. सासऱ्यांना ती असं कधी बोलली नव्हती. तात्या हळूच फळ्यांना टेकून बसले.

"बाई चुकीचं काही बोलली नाही," न्हावी म्हणाला. तो अलीकडचा, मत देऊन हात पुसत आलेला. "उभं कोण राहतंय?"

कोणी पुढं येईना. अलीकडचा उभा राहिला तर पलीकडचे कुरकुरणार, पलीकडचा राहिला तर अलीकडचे. जुनी सवय. शेवटी गुराखी म्हणाला, "दोन्हीकडचं माणूस पाहिजे. असं एकच आहे. माहेर आमच्याकडं, सासर तुमच्याकडं."

"भलतंच," सून म्हणाली.

"नावाड्याच्या घरचं माणूस उभं राहत नाही," तात्या म्हणाले.

"तुमच्या घरची ती लग्नानंतर झाली," आई काठी आपटून म्हणाली. "त्याआधी आमच्या काठाची होती. आणि मी आई आहे म्हणून मी काही बोलणार नाही."

"बोललात की," तात्या म्हणाले.

"विरोधात कोणी पाहिजे," शिंपी म्हणाला. "बिनविरोध बरं नाही दिसत. मी राहतो."

न्हाव्यानं हात वर करायला सांगितले. शिंप्यासाठी एकही हात वर झाला नाही, त्याचा स्वतःचासुद्धा.

"अरे, निदान तू तरी?" न्हावी म्हणाला.

"मी कसा देऊ मला? पाठीवरून आणलंय तिनं," शिंपी म्हणाला.

सुनेसाठी हात वर झाले. चुरगळलेल्या बाह्या, बांगड्या, राठ तळवे. नवरा घमेलं खाली ठेवून आला होता, त्यानंही हात वर केला आणि दुसरीकडं बघू लागला. सुनेला कुठं बघावं कळेना. ओल्या कपड्यांनी ती कुडकुडत होती.

न्हाव्यानं सगळीकडं नजर फिरवली आणि तात्यांपाशी थांबला. दर निवडणुकीला शाळेच्या दारात ऐकलेलं त्यानं तसंच विचारलं.

"तात्या, पलीकडं कोणी राहिलं का?"

तात्या उठले. गुडघ्यावर हात ठेवून, वेळ लावून उठले. नदीपलीकडं नीट बघितलं. काठ रिकामा होता.

"कोणी नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा हात वर गेला.

मग कोणी बसलं नाही. पण जुन्या फळ्या निघाल्या तरी रीतीप्रमाणं निवडून आलेल्याची स्वतःची नवी फळी हवी होती. ती कुठून आणायची? सून गोंधळली. नवरा घरात गेला, आत भांडी खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि तो स्वयंपाकघरातली मांडणीची फळी घेऊन बाहेर आला. जाड, जुन्या लाकडाची. तिच्यावर तेलाच्या डब्याचे गोल डाग होते.

"भांडी कुठं ठेवायची मी आता?" सून म्हणाली.

"जमिनीवर," तो म्हणाला. इतकं बोलून त्यानं फळी तिच्या खांद्यावर ठेवली.

त्या दिवशी नाव लाकडानंच भरली. प्रत्येक खेपेला माणसं फळ्या मांडीवर घेऊन बसली. पलीकडं चिखलात रांग लागली आणि हातोहात फळ्या पुढं गेल्या. मास्तरांची पहिली. व्यापाऱ्याचे दोन्ही तुकडे जोडून बसवले, अजूनही करकरले. बाईंची दांडी तिच्या जागी बसली. शेवटी सून पाण्यातून फळी घेऊन आली. लाकडाची कड खांद्यात रुतली होती, पाय चिखलात अडकत होते, पण कोणी हात लावला नाही, लावायचाच नसतो. तिनं खिळा धरला. तात्या नावेतून ओरडले, "अंगठा सांभाळ." पहिला घाव नीट बसला. दुसरा अंगठ्यावर बसला. सगळे एकदम हळहळले आणि मग इतके हसले की नाव हलली.

मग पलीकडची माणसं मत द्यायला डोंगराकडं धावली. बरीच वेळेत पोचली, काही नाही पोचली. तात्यांनी त्या दिवशी किती खेपा केल्या कोण जाणे. अलीकडं परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि शाळेचं दार लागलं होतं. नव्या अधिकाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं की शेवटचं मत नावेतून येतं.

"तात्या, तुमचं मत राहिलं हो," सून म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"राहिलं कुठं?" तात्या दोर बांधत म्हणाले. "झालं की माझं. शेवटी, नेहमीसारखं."

तपासनीस आला तेव्हा बूट काढायच्या तयारीनंच आला होता. धक्का बघून थबकला. छत्रीच्या टोकानं फळ्या ठोकून बघितल्या, दोनदा उडी मारली.

"मजबूत आहे. कोणाच्या मतदारसंघातून केला?"

"आमच्या," तात्या म्हणाले.

"तुमचा तर बरखास्त झाला ना?"

"झाला. आम्हाला कळवलंही होतं," तात्या म्हणाले. "बसा, परत अलीकडं सोडतो."

तपासनीस हसला आणि बसला. नाव बंद झाली नाही.

पण त्याआधीची, मतदानाच्या दुसऱ्याच सकाळची एक गोष्ट राहिली. पहिल्या खेपेला नाव पलीकडं टेकली. आणि सवयीनं सून सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली. गुडघाभर पाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात दोर. तेव्हा कुठं तिला आठवलं. नावेतली माणसं तिच्या बाजूनं आरामात धक्क्यावर चढत होती, कोरड्या पायांनी, तिच्याकडं बघून हसत. तात्या तर वल्ह्यावर डोकं टेकून हसत होते. शिंपी मशीनचं मुंडकं घेऊन चढला. तेलाच्या डागांच्या फळीवर येऊन थांबला, वाकला, मशीन खाली ठेवलं आणि तिच्यापुढं हात केला.

"ये वर, आमदारीणबाई," तो म्हणाला. "हात दे."